दोन बोटांचं माप

"टेप तुमची खोटी आहे," नातीचं डोकं वाढलंय म्हणणाऱ्या नर्सवर मी खेकसलो. "चाळीस वर्षं मापं घेतोय मी. मला शिकवता?"

मांडीवर माझी आठ महिन्यांची नात, ठकी. तिची बुबुळं खाली ओढल्यासारखी दिसायला लागली, म्हणून लेकीने मला न विचारता तिला परत इस्पितळात आणलं होतं. तीन आठवड्यांपूर्वी याच डॉक्टरीणबाईंनी ऑपरेशन सांगितलं, तेव्हा मीच दोघींना घरी नेलं होतं.

"आजोबा, मेंदूतली धमनी थेट शिरेला जोडली गेलीय," बाई पुन्हा म्हणाल्या. "शिरेत दाब वाढतोय, म्हणून मेंदूतलं पाणी साचतंय, डोकं वाढतंय. मांडीतून बारीक नळी नेऊन तो जोड औषधी गोंदाने बुजवायचा."

दुखणं डोक्यात, भोक मांडीत, आणि वर गोंद! कुठंतरी पाणी मुरतंय, हा माझा संशय काही जाईना. तिन्ही शनिवारी मी स्वतः तिचं डोकं मोजलं होतं. अठरा इंच. सूतभर फरक नाही.

"मग तुमच्याच टेपने घ्या," नर्स म्हणाली.

गळ्यातली टेप काढली, ठकीच्या डोक्याभोवती धरली. "बघा! अठरा!"

नर्स वाकून बघायला लागली. लेक मात्र माझ्या हाताकडे बघत होती. शिलाईच्या दुकानात माझ्या शेजारच्या मशीनवर बसते ती.

"बाबा, बोटं कुठायत?"

मी खाली पाहिलं. टेपच्या आत दोन बोटं घालून माप घ्यायचं, म्हणजे कपडा आवळत नाही. ही माझीच शिकवण. पहिल्या शनिवारी दोन बोटं होती. मग एकच राहिलं असेल. आता एकही नव्हतं, आणि टेप कातडीत रुतली होती. बोटं निघाली तेवढी जागा वाढत्या डोक्याने भरली होती, म्हणून अठराचे अठराच. देवाशपथ, मला कळलंसुद्धा नाही. भ्यायलो होतो मी, दुसरं काय!

"ऑपरेशनच्या कागदावर सही कर, पोरी," मी म्हणालो. "माझं चुकलं." तिने सही केली. माझ्याकडे बघितलं नाही.

गोंद दोनदा भरावा लागला. पाणी साचायचं थांबलं, डोकं वाढायचंही थांबलं. नजरेचं मात्र बाई काही बोलत नाहीत. "लवकर आला असता तर," एवढंच एकदा म्हणाल्या.

मी समोर गप्प उभा राहिलो, तर ठकी मला शोधत नाही. आवाज ऐकला की हसते. म्हणून हल्ली घरात पाऊल टाकल्यापासून मी नुसता बडबडत असतो.