डब्याची पूजा

कॅरॅव्हॅन दारात आली तेव्हा मी विक्रांतशी धड बोलत नव्हते. माझं न बोलणं म्हणजे भांडी जरा जोरात ठेवणं, हे तो लग्नापासून ओळखून आहे. त्यामुळे तो शहाण्यासारखा बाहेर ड्राइव्हवेवरच थांबला, त्या पांढऱ्या खोक्याची काच पुसत.

आधी गाडी झाली होती. सगळं जग घरात बसलेलं असताना, कुठे जायचं नाही आणि जाता येत नाही अशा दिवसांत, या माणसाने जर्मन एसयूव्ही घेतली. "मिडसाइझ आहे गं," हे तो मला येता-जाता ऐकवायचा, म्हणजे उगाच माजल्यासारखी मोठी नाही, बेताची आहे. बेताची कसली! आत क्रीम रंगाचं लेदर, आणि चिन्मयीला, आमच्या लेकीला, त्यात चिप्स खायची बंदी. मग गाडीला मागे टो बार, म्हणजे ओढायचा आकडा, बसवला. का, तर इंजिन दोन टन ओढू शकतं. म्हटलं, अरे पण आपल्याला ओढायचंय काय? याचं उत्तर म्हणून ही सेकंडहँड कॅरॅव्हॅन, गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, आली.

पण माझा खरा राग कॅरॅव्हॅनवर नव्हताच. माझ्या डोक्यात आप्पा होते.

आप्पा म्हणजे विक्रांतचे वडील. डिसेंबरात पुण्याहून तीन महिन्यांसाठी आमच्याकडे परदेशात, स्कोफिल्ड्सला आले, मार्चमध्ये विमानं बंद झाली, ते इथेच अडकले. सासूबाई जाऊन दोन वर्षं झाली होती. आप्पा आमच्याकडे राहायचे म्हणजे कसे, तर दुसऱ्याच्या घरी राहावं तसे. सकाळी अंथरुणाची घडी इतकी नीट, की रात्री तिथे कुणी झोपलं होतं का असा प्रश्न पडावा. चहा झाला की माझ्या आधी कप विसळून पालथा. काही हवंय का विचारलं की "छे छे, सगळं आहे, मजेत आहे." मी भांडणारी बाई. माझी माया पण भांडणातूनच वाहते. आता या माणसाशी भांडायचं कसं? हातीच लागायचे नाहीत.

आणि सप्टेंबरात त्यांनी मला न सांगता भारत सरकारच्या खास विमानासाठी नाव दिलं. सीट मिळतेय असा निरोप आला. मंगळवारपर्यंत हो-नाही कळवायचं होतं.

"आप्पा, पुण्यात काय चाललंय बघताय ना? शेजारचे संजीवकाका गेले ऑगस्टमध्ये. तुम्ही त्या बंद फ्लॅटमध्ये एकटे काय करणार?"

"होईल गं काहीतरी. तुमच्यावर तरी किती दिवस भार टाकायचा?"

भार! उठून सिंकमधली भांडी घासायला घेतली, डिशवॉशर असताना. मला ते जायला नको होते, सरळ सांगते. काळजी वाटत होती हे तर झालंच, पण त्याहून जास्त म्हणजे मला त्यांची सवय झाली होती. दुपारी कॉल संपवून मी खाली आले की सोफ्याच्या त्या कोपऱ्यात ते असायचेच. तो कोपरा रिकामा दिसला असता तर मला सोसलं नसतं.

विक्रांतचं म्हणणं, स्कूल हॉलिडेज आहेत, आप्पांना मजी गावाला नेऊ. हॉटेल नको, आपलीच कॅरॅव्हॅन. "चार दिवस मोकळ्या हवेत राहिले ना, की विचार बदलतील."

"लोखंडी खोक्यात बसून माणसाचे विचार बदलतात होय?"

"फायबरग्लास आहे गं."

तर अशी आमची बोलणी. आप्पा मात्र बाहेर आले, कॅरॅव्हॅनभोवती एक फेरी मारली, टायरवर हलकेच चापट मारली आणि म्हणाले, "डबा चांगला आहे. पूजा केलीत का?"

आम्ही दोघं त्यांच्याकडे बघतच राहिलो. इतक्या महिन्यांत त्या माणसाने पहिल्यांदा काहीतरी व्हावं असं म्हटलं होतं. माझा राग कुठल्या कुठे गेला. जवळच्या गिरावीन भागातल्या भारतीय दुकानातून नारळ आणि हळदकुंकू आणलं, शेजारच्या टोनीकडून त्याच्या झाडाची लिंबं मागून घेतली. त्याला वाटलं मी लोणचं घालतेय.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी पूजा. आमचा ड्राइव्हवे रस्त्याकडे उतरता आहे. वर गॅरेजकडे तोंड करून एसयूव्ही, तिच्या मागे जोडलेली कॅरॅव्हॅन. आप्पांनी धुतलेला पांढरा शर्ट घातला होता. त्यांनी डब्याच्या नाकावर स्वस्तिक काढलं, हार घातला, नारळ फोडला, दोन्ही चाकांच्या पुढे एकेक लिंबू ठेवलं. विक्रांतने कॅरॅव्हॅनचा हँडब्रेक सोडला, गाडीत बसला आणि इंच इंच पुढे घेतली. लिंबं पच्चकन फुटली. चिन्मयी म्हणाली, "सो सॅटिस्फायिंग!"

इथे थांबलो असतो तर बरं होतं. पण आप्पांनी विचारलं, "आणि गाडीची झाली होती ना?"

गाडी लॉकडाऊनमध्ये घरपोच आली होती. तिची पूजा कुणाला सुचली होती?

"मग हिची वेगळी करा. वाहनं दोन आहेत. डबा सोडवा, म्हणजे ही एकटी लिंबांवरून जाईल."

विक्रांत उत्साहाने मागे गेला. यूट्यूबवर शिकला होता तसं त्याने सगळं पाठ म्हणत केलं. वायर काढली, साखळ्या काढल्या, पुढचं छोटं चाक खाली टेकवलं आणि दांडा फिरवून कॅरॅव्हॅनचं नाक टो बारच्या गोळ्यावरून उचललं. लिंबांसाठी सोडलेला हँडब्रेक परत लावायचा, हे मात्र कुठल्याच व्हिडिओत नव्हतं. लिंबं कोण ठेवतं तिथे?

डबा हलला. विक्रांतने दोन्ही हातांनी दांडा धरला, दोन पावलं फरफटला आणि हात सुटले. डबा गळ्यात हार घेऊन, अगदी शांतपणे, उलटा रस्त्याकडे निघाला. विक्रांत ओरडला, "स्टॉप! स्टॉप!" जसा काही तो ऐकणार होता.

मला खरं तर हसूच येत होतं. म्हटलं, जाऊ दे, सुटले एकदाची. तेवढ्यात चिन्मयी किंचाळली, "मम, आजोबा इज इन देअर!"

आतही कुंकू लावावं म्हणून आप्पा कधी बाजूच्या दाराने चढले, कुणाला कळलंच नव्हतं. सांगून गेले असते तर ते आप्पा कसले!

रस्ता रिकामा होता, ही देवाची कृपा. समोरच्या प्लॉटवर नवीन घराचं काम चालू होतं आणि पुढ्यात वाळूचा ढीग होता. डबा रस्ता ओलांडून त्या ढिगात पाठ खुपसून थांबला. मी एका पायात चप्पल घालून धावले आणि दार उघडलं. आप्पा बेडच्या कडेला बसले होते आणि शर्टाची छाती लालभडक झाली होती.

"कुंकू आहे," ते म्हणाले. "करंडा सांडला."

मग मात्र माझा ताबा सुटला.

"कुणी सांगितलं होतं आत जाऊन बसायला? तोंडाने सांगता येत नाही? सारखं गपचूप! चहा गपचूप, जेवण गपचूप, विमानाचं नाव दिलं तेही गपचूप! जायचंय ना? जा! इथे कोण आहे तुमचं! तुम्हाला काही झालं असतं तर मी... मी काय केलं असतं हो आप्पा?" आणि मी तिथेच पायरीवर बसून रडायला लागले, चार माणसांसमोर, मास्क न लावता.

आप्पांनी करंडा उचलून बाजूला ठेवला. मग घसा खाकरला.

"झालं ओरडून? मग आता मी ओरडतो." आणि खरंच ओरडले! "तुझा नवरा गाढव आहे. एवढी महागाची गाडी घेतो आणि ब्रेक लावायची अक्कल नाही! आणि तू! दहा महिने मला बिनसाखरेचा चहा पाजतेयस. मला मधुमेह आहे हे कुणी सांगितलं तुला? तुझ्या सासूला होता!"

मी पदर नसताना टी-शर्टच्या बाहीने डोळे पुसले. "मग बोलायचं होतं ना!"

"बोलतोय ना आता! ते पांघरूण पातळ आहे. रात्रभर कुडकुडतो मी. आणि आमटीत गूळ घाल जरा, ती काय औषध आहे?"

समोरच्या साइटवरचा पिवळ्या जॅकिटातला माणूस फावडं टाकून धावत आला होता. त्याने दारातून वाकून, ठीक आहात ना अशा अर्थाने विचारलं, "यू राइट, मेट?"

आप्पा ताठ झाले. "नो!" ते म्हणाले. "आय ॲम नॉट!"

इतक्या महिन्यांत त्यांनी कुणाला दिलेलं ते पहिलं खरं उत्तर. मला रडता रडता इतकं हसू फुटलं, की त्या बिचाऱ्याला आमच्यातलं नेमकं कुणाला लागलंय ते कळेना.

डब्याच्या मागच्या बंपरला पोचा आला, बाकी काही नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. ब्लू माउंटन्सच्या चढावर एसयूव्हीने डबा असा ओढला, की मलाही मान्य करावं लागलं, अर्थात मनातल्या मनात. आप्पा पुढच्या सीटवर होते. निघायच्या आधी त्यांनी स्वतः उतरून साखळ्या ओढून पाहिल्या, आणि मग लिथगो येईपर्यंत विक्रांतला सोडलं नाही. हळू घे. आरसा बघ. मागे एवढी रांग लागलीय, लोकांना जाऊ दे. चिन्मयीने भीत भीत चिप्सचं पाकीट काढलं, तर म्हणाले, "खा गं बिनधास्त. आणि मलाही दे."

मजीच्या कॅरॅव्हॅन पार्कात मंगळवारी सकाळी आम्ही खुर्च्या टाकून बसलो होतो. आप्पांचा फोन वाजला. स्पीकर चालूच होता. पलीकडची मुलगी मराठी निघाली. काका, तुमची सीट कन्फर्म करू ना?

मी चिन्मयीची वेणी घालत होते. हात तसेच थांबले.

"नाही हो," आप्पा म्हणाले. "काढा माझं नाव. अहो, ही माणसं ब्रेक न लावता मला डब्यात बसवतात. यांना असं सोडून कसा येऊ मी?"

ती मुलगी काय समजली कोण जाणे. हसली आणि काळजी घ्या म्हणाली. आप्पांनी फोन खिशात ठेवला, कप तोंडाला लावला आणि तोंड वाकडं केलं.

"चहा गार झालाय."

"मग उठा आणि घ्या गरम करून," मी म्हटलं.

आणि ते उठले, कुरकुरत.