पारा उतरला, पण कशाने?

मित्रांनो, मी पाऱ्याचा एक जुना रक्तदाबमापक आहे. लोक मला ‘बीपीचं मशीन’ म्हणतात आणि मीही त्या नावाला ओ देतो. पत्र्याची पेटी, काचेची उभी नळी, तिच्यात चमकणारा पारा, दंडाला गुंडाळायचा पट्टा आणि दाबायचा रबरी फुगा, एवढाच माझा संसार.

वारज्यात माधव डॉक्टरांच्या दवाखान्यात माझी उमेदीची वर्षे गेली. डॉक्टर फुगा दाबत, पारा चढे आणि समोरचा माणूस श्वास रोखून माझ्याकडे बघे. “माझे डोळे चुकतील, हा चुकायचा नाही,” असे डॉक्टर माझ्याबद्दल सांगत. पुढे बटण दाबताच आकडा दाखवणारे छोटे यंत्र आले आणि मी कपाटावर जाऊन पडलो. धुळीला काय, ती सगळ्यांवर सारखीच बसते.

मला खाली काढले नम्रताने. ती डॉक्टरांची पुतणी, नर्सिंगला शिकणारी आणि कीर्तनाची वेडी. टेकडीवरच्या दत्तमंदिरात चातुर्मासात रोज संध्याकाळी अवधूतबुवा कीर्तन करतात. कीर्तन ऐकणाऱ्यांचा रक्तदाब कमी असतो का, हा तिने अभ्यासाचा विषय घेतला होता.

“काका, ते जुनं मशीन नेऊ?”

“ने. नेलेली वस्तू परत आणायची पद्धत आपल्या घरात अजून आहे, एवढं लक्षात ठेव.”

बोलले असे, पण माझी रबरी नळी त्यांनीच बदलली आणि पारा शून्यावर उभा राहतो ना, ते पाहूनच मला दिले.

काय सांगू त्या संध्याकाळी! पूर्वरंगात बुवा निरूपण करीत, मध्ये त्यांना हार घालून बुक्का लावला जाई, मग उत्तररंगात आख्यान असे रंगे की झांजांच्या नादाने माझा पारासुद्धा थरथरे. आरतीनंतर माणसे निवांत बसली की नम्रता एकेकाच्या दंडाला पट्टा बांधी आणि विचारी, “कीर्तनाला किती वेळा येता?”

हळूहळू चित्र स्पष्ट झाले. रोज येणाऱ्यांचा रक्तदाब कमी, क्वचित येणाऱ्यांचा जास्त. नम्रता हरखली. देवळाची व्यवस्था पाहणाऱ्या रंगनाथकाकांनी तर पायथ्याशी फलकच लावला, ‘कीर्तन ऐका, रक्तदाब उतरवा.’

तो वाचून बुवा म्हणाले, “रंगनाथराव, माझ्या नावामागे डॉक्टर लावायचं तेवढं राहिलं.”

आणि एके दिवशी पहिल्या रांगेतल्या यमुनाबाई दिसेनाशा झाल्या. वाट पाहून नम्रता मला घेऊन त्यांच्या घरी गेली. तिने पट्टा बांधला आणि माझा पारा इतका वर थांबला की मीच घाबरलो.

“आजी, गोळ्या घेताय ना?”

“सोडल्या की. रोजचं कीर्तन होत होतं, मग गोळी कशाला?”

“मग आता कीर्तनाला का येत नाही?”

“कशी येऊ बाई? चार पायऱ्या चढले की डोकं गरगरतं, धाप लागते.”

नम्रता तिथेच थबकली. तिने काकांना फोन लावला. गोळी आजच सुरू करा, असे डॉक्टरांनी बजावले. पण यमुनाबाई ऐकेनात. “फलक देवाच्या दारात लागलाय. तो खोटा कसा असेल?”

नम्रता मग क्वचित येणाऱ्या बाकीच्यांच्या घरी फिरली. कुणाला दम लागत होता, कुणाला डॉक्टरांनीच चढ वर्ज्य सांगितला होता. म्हणजे कीर्तन चुकल्यामुळे रक्तदाब वाढलेला नव्हता. रक्तदाब वाढलेला होता, म्हणून कीर्तन चुकत होते. माझा आकडा खरा होता, मित्रांनो, त्यावरून काढलेला अर्थ तेवढा खरा नव्हता. मला रक्तदाब मोजता येतो, पायऱ्या दिसत नाहीत.

“दोन्ही गोष्टी एकत्र दिसल्या ना? मग झालं,” नम्रताने देवळात हे सांगितल्यावर रंगनाथकाका म्हणाले.

“काका, दिवाळीत चकल्याही असतात आणि थंडीही. चकल्या तळल्या म्हणून थंडी पडते का?”

बुवा मोठ्याने हसले. मग गंभीर झाले, स्वतःच्या हाताने फलक उतरवला आणि तडक यमुनाबाईंकडे गेले.

“यमुनाताई, देवाचं नाव आनंदासाठी घ्यायचं. त्याला गोळीच्या जागी बसवू नका, ती जागा त्याला फार लहान पडते. आणि गोळीला देवाच्या जागी बसवायलाही मी सांगत नाही.”

यमुनाबाईंनी फळीवरचा गोळ्यांचा डबा खाली काढला. मग म्हणाल्या, “घेते गोळी. पण बुवा, माझं कीर्तन?”

“तुम्हाला चढवत नाही. आम्हाला उतरता येतं की.”

दुसऱ्या दिवसापासून कीर्तन टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या एका इमारतीत, पार्किंगच्या जागेत होऊ लागले. धाप लागणारे सगळेच रोज येऊ लागले. त्यांचा रक्तदाब मात्र काही दिवस चढाच राहिला, आणि नम्रताच्या आलेखातली ती सुंदर उतरती रेघ पार विस्कटली. तिने तसेच प्रामाणिकपणे लिहून दिले.

मित्रांनो, माझा पारा विषारी असतो, म्हणून मला जपून हाताळा. माझा आकडाही तितक्याच जपून हाताळा. दोन गोष्टी बरोबर चालताना दिसल्या, तर कोण कोणाला नेते आहे, की दोघींना तिसरेच कोणी नेते आहे, हे आधी विचारा. मोजायचे होते तेच मोजले का, हेही विचारा; आम्ही कीर्तन मोजायला गेलो आणि मोजली पायऱ्या चढायची ताकद.

एरवी माझी काही तक्रार नाही. यमुनाबाई गोळी घेऊन आल्या आहेत. बुवांनी झांज उचलली आहे. आता जरा मलाही ऐकू द्या.