डावा पायटा

"कोण आहे रे खाली?"

मी चर्चच्या जुन्या पायपेटीच्या पोटात खांद्यापर्यंत शिरलो होतो. बाहेर होते ते फक्त माझे दोन पाय. त्यातल्या एकाच्या तळव्याला कुबडीचं टोक टोचलं. आवाज ओळखीचा. सगळं चर्च तिला पेटीबाई म्हणायचं, आता ती वाजवत नव्हती तरी.

"मेकॅनिक," मी आतूनच म्हणालो.

"कुठला मेकॅनिक?"

आता काय लपवायचं? "लिफ्टवाला," म्हणालो.

कुबडीचं टोक होतं तिथंच राहिलं.

आमचे पाळकसाहेब म्हणजे गोगलगाय अन् पोटात पाय. मला म्हणाले, भात्याचं चामडं उंदरांनी खाल्लंय, शनिवारी सकाळी ये. तिला म्हणाले, पेटी दुरुस्त झालीय, शनिवारी सकाळी येऊन सूर बघ. दोघांना एकच वेळ देऊन स्वतः गेले आजाऱ्यांना भेटायला!

सात वर्षांमागं मी एका कचेऱ्यांच्या इमारतीत लिफ्टांची देखभाल करायचो. दर महिन्याला दोर, दारं, ब्रेक बघायचे नि कार्डावर खुणा करायच्या. बाई तिथंच चौथ्या मजल्यावर टायपिस्ट होती. एका सकाळी दार उघडलं, तिनं बाहेर पाय टाकला आणि लिफ्ट तशीच वर सरकली. ब्रेक झिजून कागद झाला होता. बाईचा डावा पाय गुडघ्याखाली गेला. मी दोन वर्षं आत गेलो. बाहेर आलो तो येशूचं नाव घेत, दारू सोडून. दर रविवारी शेवटच्या बाकावर बसायचो, पण प्रभुभोजनाची भाकर आली की ताट पुढं सरकवायचो. बायको म्हणायची, "तुरुंगानं सोडलं तुम्हाला, त्या बाकानं काही सोडलं नाही." तिला कारण माहीत नव्हतं. कुणालाच नव्हतं.

मी घसटत बाहेर आलो. तोंडभर कोळिष्टकं.

"जाऊ का, बाई?"

"आधी एक सांग." ती बाकावर टेकली. "कोर्टात तू म्हणालास, ब्रेक बघितला होता. तुझा वकील म्हणाला, बाईनंच घाईत पाय टाकला. खरंच बघितला होतास?"

शिक्षा भोगून झाली होती. खोटं तेवढं शिल्लक होतं. हो म्हटलं असतं की विषय मिटला असता, मी जेवायला घरी. मनात म्हटलं, प्रभू, आता तूच धर मला.

"नाही बघितला. त्या महिन्यात लिफ्टपाशी गेलोच नव्हतो. दारूच्या दुकानात बाकड्यावर बसून सगळ्या खुणा केल्या, एका दमात."

वाटलं, आता कुबडी डोक्यात बसणार. बसायलाच हवी होती. पण बाई रडायला लागली, अजिबात आवाज न करता.

"सात वर्षं," ती म्हणाली, "रोज सकाळी उठून मी तो पाय परत टाकते. वाटतं, जरा थांबले असते तर. आई मरेपर्यंत म्हणत राहिली, तुझी घाई नडली ग तुला. मलाही तेच खरं वाटायचं."

मी समजत होतो, मी हिचा एक पाय नेला. काय काय नेलं होतं ते त्या दिवशी कळलं.

तिनं पदरानं नाक पुसलं. "चामडं बसलं का?"

"बसलं."

"बघू मग."

ती पेटीपुढं बसली. उजवा पायटा दाबला. सूर आला, फुगला, नि दमेकऱ्यासारखा धापा टाकत मेला.

"म्हणून तर सोडली," ती म्हणाली. "एका पायानं ही श्वास घेत नाही."

मी गुडघे टेकले. डाव्या पायट्यावर दोन्ही तळवे ठेवले. "उजवा तुमचा. डावा मी बघतो."

"ताल चुकलास तर कुबडी आहे हं."

ती दाबायची, मग मी. ती, मी. आणि पेटी गायला लागली.

आयुष्यभर मी यंत्रं उघडलीत. ही तर तासाभरापूर्वीच आतून बघितली होती. लाकूड, चामडं, पितळेच्या पट्ट्या. त्यात गाणं कुठंच नव्हतं! मग हे आलं कुठून? छताखालची कबुतरं गप्प झाली. माझ्या हाडांत सूर वाजत होता. हातांवर काटा उभा राहिला, पण हात थांबवायची हिंमत होईना. मातीत फुंकर घातली नि माणूस उठला म्हणतात, ते मला तेव्हा पटलं.

माफ केलं का, मी विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही. जाताना म्हणाली, "उद्या अर्धा तास आधी ये. हात धुऊन."

दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांसमोर पेटीपाशी गुडघ्यांवर. लोकांची कुजबुज झाली, मग गाणं सुरू झालं नि ती बुडाली. गाणं चालू असतानाच भाकरीचं ताट आमच्यापर्यंत आलं. माझे दोन्ही हात पायट्यावर. सोडले की सूर तुटणार. सवयीनं मी मान हलवली, पुढं न्या.

बाईनं डाव्या हातानं सूर तसाच धरून ठेवला. उजव्या हातानं ताटातला एक तुकडा उचलला, वाकली आणि माझ्या तोंडाजवळ धरला.

"घे," ती म्हणाली. "आणि दाबत राहा."