ग्रामसभेला बायका, माळावर पावणं

मी बाळाबाई. गोठ्यात माझी म्हसरं, आन त्यांचं पोट गावाच्या माळावर. माळ म्हंजे साऱ्या गावाचं गायरान. पावसाळाभर गवत राखायचं आन दिवाळी झाली की घरोघरच्या बायकांनी इळं घिऊन वर जायचं, वर्साची वैरण खाली आणायची. माळ गेला की म्हस गेली. मग डेरीत काय रिकामी किटली घिऊन जाऊ?

त्या माळावर दर रविवारी शेरातली, राजारामपुरीची मंडळी फिराय यायची. पायात बूट, पाठीवर पिशव्या, आन फूल दिसलं की नुसता कालवा. म्होरक्या धम्मपाल सर, क्लासमधी गणित शिकवायचा. बरोबर दवाखान्यातली नर्स संघप्रिया. खुळी माणसं, पर जीव लावणारी.

दोन हजार तीन साली एक हाटेलवाला आला. आमच्या आकाराम सरपंचाला म्हणला, माळ भाड्यानं द्या, वर खोल्या बांधतो. आयत्या बिळावर नागोबा! त्येला ग्रामसभेचा ठराव पायजे व्हता, आन सरपंचानं सभा लावली कवा? ऐन गवतकापणीत, सकाळच्या पारी. बायका माळावर, सभेत गडी तेवढं. लई शाणा.

रविवारी मी हे सरांच्या कानावर घातलं. सर तापलाच. "काकू, आम्ही सभेला येतो. बोर्ड धरतो, भाषणं करतो. आमचा पण जीव आहे की ह्या माळावर!"

"जीव हाय, पर मत न्हाई," मी म्हटलं. "तुमी तोंड उघडलं की सरपंच म्हणणार, पावण्यांनी पावण्यावानी ऱ्हावं. जी चार गडीमाणसं आमच्या बाजूची हाईत, तीबी बिथरतील."

"मग आम्ही काय करायचं?" संघप्रिया रडकुंडीला आली.

"इळं घ्या."

समदी माझ्या तोंडाकडं बघाय लागली.

"कापणीला खाडा केला तर सासवा आमास्नी घरात घेतील व्हय? आमच्या जागी तुमी कापा. आमी सभेला जातो."

सभेदिवशी क्लास बंद ठेवून, रजा टाकून समदी आली की! बाकीच्यांचं कापणं म्हंजे न्हाव्यानं डोळं झाकून केस कापल्यावानी. सराचा हात मात्र झरझर चालला. त्येच्या आईनं जलमभर दुसऱ्याच्या बांधावर गवत कापलं, त्यो तिच्याच हाताखाली शिकलेला. आमच्यातल्या म्हाताऱ्या धोंडुबाईनं त्येच्या हातात आपला इळा दिला, आन धोंडुबाई आपला इळा सुनंलाबी देत न्हाई.

आमी खाली उतरलो. मराठ्याच्या, बौद्धवाड्यातल्या, समद्या बायका शाळेच्या पटांगणात जाऊन बसलो. सरपंचाचं तोंड बघण्यासारखं झालं.

"तुमी हितं? मग गवत कोण कापतंय?"

"पावणं," मी म्हटलं. समदी सभा हसली.

ठराव वाचला. हाटेलाच्या बाजूनं हात वर करा म्हणल्यावर माझ्या नवऱ्याचा, गुंडूचा, हात निम्मा वर गेला. त्येनं सरपंचाला शबुद दिलता. आपल्याच घरातनं म्हस सोडून द्यायची म्हंजे काय! मी उठून म्हटलं, "अवो, हात वर करा, पर उंद्यापासनं वैरण तुमीच आणा." त्येनं माझ्याकडं बघितलं आन हात खाली घेतला. त्येचं बघून शेजारच्यांनीबी घेतलं. मग इरोधातलं हात मागितलं, तवा बायकांच्या हातांनी पटांगण भरलं. ठराव पडला.

मी पळतच माळ चढले. संघप्रियाच्या तळहाताला फोड आलतं. "काय झालं काकू?"

"माळ ऱ्हायला ग!"

पोरीनं मला मिठी मारली आन मोठ्यांदा रडाय लागली. मलाबी रडू आवरंना. सर मात्र थांबला न्हाई. हाती घेतलेला गवताचा पट्टा त्येनं काठापतोर कापला, मग मटकन गवतात बसला आन दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मी जवळ गेले, त्येला पोटभर रडू दिलं.

मग म्हटलं, "सर, चला, भाऱ्याला हात लावा. म्हसरं सकाळधरनं उपाशी हाईत."