परराज्याचा तक्ता

हिशेबनीस नागेंद्रचा फोन आला आणि पद्मराजच्या हातातला चहा हिंदकळून विजारीवर सांडला.

“अण्णा, वखारीत लावलेला मजुरीचा तक्ता आपला न्हायच! त्यो महाराष्ट्राचा हाय. आपल्या सरकारचा आदेश निराळा, अन् एप्रिलपासूनचा दर तुम्ही देताय त्यापेक्षा जास्त. कामगार खात्याचे साहेब आज बोरगावातच फिरायलेत.”

पद्मराजचं धाबं दणाणलं. तक्ता त्याला इचलकरंजीच्या मेव्हण्यानं व्हॉट्सअॅपवर पाठवला होता. सासुरवाडी सीमेच्या पलीकडची, पेपर पलीकडचा, टीव्हीवरच्या बातम्याही पलीकडच्याच; राज्य तेवढं अलीकडचं, कर्नाटकाचं, हे ऐन वेळी कुणाच्या ध्यानात राहतं? या शहाण्यानं तक्ता लॅमिनेट केला, पाडव्याला त्याला कुंकू लावलं आणि तंबाखू चाळणाऱ्या अकरा बायकांना वाढीव मजुरी जाहीर करून टाळ्याही घेतल्या.

आता त्यानं तो ओरबाडून काढला. भिंतीवर चौकोनी पांढरा डाग उरला, तशी भीती आणखी वाढली. खटला, वखारीला टाळं, गावभर बोभाटा! वडिलांनी चाळीस वर्षं चालवलेली वखार आपल्या हातून बुडणार, असंच त्याला वाटायला लागलं.

तो धावतच गुणाबाईकडे गेला. वडिलांच्या काळापासून कामावर असलेली ही म्हातारी म्हणजे साऱ्या बायकांची पुढारीण.

“आक्का, तक्ता चुकलाय, आपली मजुरी कमी पडती. साहेब विचारतील. एप्रिलपासून सरकारी दरानं मजुरी मिळती म्हणून सांगा. पाया पडतो तुमच्या.”

गुणाबाईनं लुगड्याला हात पुसले, तेवढ्यात दारात मोटरसायकल थांबली.

साहेबांनी डाग पाहिला. रजिस्टर मागितलं. ते हिशेबनिसाकडं आहे, असं पद्मराज कसंबसं म्हणाला. मग साहेबांनी थेट गुणाबाईलाच कन्नडमध्ये विचारलं, नवा दर मिळतो का? गुणाबाईनं खाली मान घालून कन्नडमध्येच सांगितलं, एप्रिलपासून पुरा मिळतो. साहेबांनी ते लिहून घेतलं, खाली तिचा अंगठा उठवला, सोमवारी रजिस्टर घेऊन या म्हणाले आणि गेले.

पद्मराजच्या जिवात जीव आला. “आक्का, लई उपकार झाले बघा!”

“उपकार कशाचे?” गुणाबाई त्याच्याकडं वळली. “वखार बंद पडली तर आम्ही अकराजणींनी जायचं कुठं? त्या भ्यानं बोलली म्या. जल्मात पयल्यांदा सरकारी कागदावर खोटा अंगठा दिलाय.” निळा झालेला अंगठा तिनं त्याच्यापुढं धरला. “सोमवारच्या आत त्यो खरा करा, अण्णा. न्हाईतर मीच जाऊन खरं काय ते सांगते.”

बाकीच्या दहाजणींच्या चाळण्या थांबल्या होत्या. साहेबांना पाहून वाटली नव्हती एवढी भीती पद्मराजला आता वाटली. त्यानं लगेच फोन लावला.

“नागेंद्र, एप्रिलपासूनचा मजुरीचा फरक काढ. अकराहीजणींचा. आजच वाटायचा.”