फाल्कच्या फांद्या

माझी भाची मारेन कादंबरीकार आहे. बर्लिनमध्ये तिला बक्षिसं मिळतात, पेपरात फोटो येतात. आमची झोप मात्र तिच्या नव्या पुस्तकाने उडवली.

कोळशाच्या खाणीपायी आमचं गाव खणून काढलं, तेव्हा थडगीसुद्धा उकरून नव्या गावात आणली. शवपेट्या बंद होत्या, कुणाला जवळ फिरकू दिलं नाही. मारेनचा धाकटा भाऊ फाल्क लहानपणीच तापाने गेलेला. तिने लिहिलं, त्याची पेटी रिकामीच आली, पोर खालीच राहिलं. खाणीच्या त्या खड्ड्यात पाणी सोडून आता तळं केलंय.

झालं. रोस्विटाताईने, तिच्या आईने, फाल्कच्या थडग्याकडे पाठ फिरवली. नोव्हेंबरात आम्ही थडग्यांवर पाइनच्या फांद्यांचं पांघरूण घालतो, थंडीसाठी. ताई त्या घेऊन तळ्यावर जायला लागली. मला मारेनचा असा संताप आला, की काय सांगू.

मीच तिला पुस्तक वाचायला गावात बोलावलं. वाचन संपवून ती पाणी प्यायली, तशी मी उभी राहिले.

"मारेन, फाल्कचं काय ते सगळ्यांदेखत सांगून टाक."

"मावशी, कादंबरी आहे ती. ते मी मनाने रचलंय."

ताई पहिल्या रांगेतून म्हणाली, "आपल्या चुलीची तडकलेली फरशी रचलीस? माझा निळा एप्रन? बाबांच्या शिव्या?"

"नाही. ते खरं आहे."

"म्हणजे सगळं खरं, आणि तेवढंच खोटं?"

"बाकीचं खरं असलं की तेवढं पटतं, आई. कामच आहे ते माझं."

"मग पटलं ना मला," ताई म्हणाली.

मृतांच्या रविवारी, सगळं गाव आपापल्या थडग्यांवर जातं त्या दिवशी, ताई पुन्हा तळ्याकडे निघाली. तिला परत आणायला मी मागोमाग गेले. काठावर मारेन आधीच उभी होती, हातात फांद्या.

"तू तर रचलंय म्हणालीस," ताई म्हणाली.

"रचलंच होतं."

"मग या कुणासाठी?"

मारेन फांद्या घेऊन पाण्याजवळ वाकली. ताईने तिच्या हातातल्या फांद्या नीट केल्या. "टोकं पायांकडे ठेव. त्याचे पाय गार पडायचे."

मी ताईला परत न्यायला आले होते. माझ्या पिशवीतल्या फांद्या फाल्कच्या थडग्यासाठी होत्या, कुणीतरी घालायला हव्यात म्हणून. त्यातल्या अर्ध्या मी काठावर ठेवल्या.