दोन सामन्यांच्या मधला वेळ

रविवारी एका तिकिटात दोन सामने असायचे. त्या रविवारी पहिला सामना माझा नवरा ओरिन हॅस्केट आमच्या गावाच्या संघाकडून खेळला आणि दुसरा समोरच्या संघाकडून. असं होऊ शकतं हे मलाही माहीत नव्हतं, आणि मी बेसबॉलवाल्याशी लग्न करून कित्येक वर्षं झाली होती.

ओरिन आउटफिल्डर होता. मैदानाच्या पार टोकाला, कुंपणापाशी एकटं उभं राहायचं. बराच वेळ काहीच घडत नाही, आणि घडलं की जीव खाऊन पळायचं. तरुणपणी तो दोन उन्हाळे वरच्या, मोठ्या लीगमध्ये खेळून आला होता. मग खांदा दुखावला आणि तो खाली आला. मग आणखी खाली. त्याला चौतिसावं लागलं तेव्हा आम्ही आयोवातल्या एका लहान गावात होतो. मैदानाला लागून मक्याची कोठारं होती आणि वारा फिरला की बाकांवर सगळा भुसा. तरी मला ते गाव बरं वाटायला लागलं होतं. आदल्याच आठवड्यात मी भाड्याच्या घराला पडदे लावले होते, स्वतः मापं घेऊन, शिवून. आधीच्या गावांमध्ये मी खिडक्यांना चादरी टांगत असे.

पहिला सामना आम्ही हरलो. मधल्या सुट्टीत मी जोलीनबरोबर शेंगा खात बसले होते. जोलीन म्हणजे क्लीटची बायको. क्लीट डावीकडचा आउटफिल्डर, ओरिनचा जवळचा दोस्त. महिनाभर त्याची बॅट चालत नव्हती, त्यामुळे ती नुसती टरफलं कुरतडत होती. एकदम म्हणाली, "नॅडीन, तुझा नवरा कुठे चाललाय?"

ओरिन खांद्यावर बॅग टाकून मैदान ओलांडत होता. समोरच्या संघाच्या बाकाकडे. मध्येच वळून तो आमच्या बाकांपुढच्या जाळीपाशी आला.

"विकलं मला," तो म्हणाला.

"कुणाला?"

त्याने अंगठ्याने मागे दाखवलं. "त्यांना. त्यांच्या उजवीकडच्या पोराचा घोटा मुरगळलाय. मॅनेजर म्हणाला, आत्ताच जा, दुसरा सामना त्यांच्याकडून खेळ."

"आणि सामना संपल्यावर?"

"त्यांच्या बसमधून विस्कॉन्सिन." एवढं बोलून तो माझ्याकडे न बघता जाळीतला गंज नखाने खरवडत राहिला.

त्यांच्याकडे त्याच्या मापाचा शर्ट नव्हता. मुरगळलेल्या पोराचा शर्ट चढवून तो उतरला. पाठीवर दुसऱ्याचं नाव, काखेत घट्ट. लोकांना मजाच आली. "अहो हॅस्केट, तुमचं घर इकडं आहे!" कुणीतरी ओरडलं. "त्याला आमच्या हातांच्या सगळ्या खुणा माहितायत, हात लपवा रे!" ओरिनने टोपी उचलून सलाम केला. लोक हसले. मी हसले नाही. तो कुंपणाकडे चालत निघाला तेव्हा त्याची चाल मला दिसत होती. पहिला सामना पूर्ण खेळलेला माणूस, गुडघे बांधलेले, आणि आता दुसऱ्या कुणासाठी पुन्हा तेवढंच.

शेवटच्या डावात आमचा संघ एका धावेने मागे होता. दोन गडी बाद, तिसरा गेला की सामना संपला. दोघे जण धावायला टपलेले, आणि बॅटवर क्लीट. जोलीनने माझा हात धरला. क्लीटने असा काही फटका मारला की सगळं मैदान उठून उभं राहिलं. बॉल उजव्या कोपऱ्याकडे, उंच, लांब. जोलीन किंचाळली. मी मात्र बॉलकडे पाहिलंच नाही. मी ओरिनकडे पाहत होते. तो पाठ फिरवून पळत होता, कुंपणाशी उडाला, आदळला आणि पडला. ग्लव्ह वर धरलेला. बॉल आत.

लोक पुन्हा खाली बसले. जोलीनने हात सोडला. मग तीच म्हणाली, "वाजव टाळ्या. तुझाच नवरा आहे ना!"

मी वाजवल्या नाहीत.

बसपाशी क्लीट आला. "लेका, तेवढा एक सोडला असतास तर काय बिघडलं असतं?"

"मी कुठे काय केलं," ओरिन म्हणाला. "पायच पळाले."

"मेल्या, तुझे पाय आज सकाळपासून तर कुठे पळत नव्हते," क्लीट म्हणाला, त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि निघून गेला. चार दिवसांनी त्याला संघातून काढलं. त्या एका झेलामुळे नव्हे, जोलीन मला पुन्हा पुन्हा सांगत राहिली.

नेहमी असं व्हायचं, की ओरिन पुढे जायचा आणि मी घर आवरून, गाडीत भरून मागून जायची. तो म्हणाला, "सावकाश ये. गाडीचं तेल बघून घे."

"मी येत नाही," मी म्हणाले.

"म्हणजे?"

"भांडत नाहीये मी, ओरिन. दमलेय. तू जा, खेळ. मी इथेच आहे."

तो बसच्या पायरीवर बसला. शर्टावरची माती झटकायला लागला, मग तेही सोडून दिलं. "मीपण दमलोय गं," तो म्हणाला. मला वाटतं, जाऊ नको असं मी म्हणावं याची तो वाट पाहत होता. पण ते त्याच्या वतीने म्हणायचं बळ माझ्या अंगात नव्हतं. ड्रायव्हरने हॉर्न दिला. तो उठला आणि आत गेला.

मला शाळेच्या स्वयंपाकघरात काम मिळालं. ओरिन रविवारी फोन करायचा. बरा खेळत होता, इतक्या वर्षांत खेळला नव्हता इतका बरा, पण सांगताना आवाज असा की कुणाच्या तरी आजारपणाची बातमी देतोय. सप्टेंबरात हंगाम संपला आणि तो बॅग घेऊन दारात उभा राहिला. कितीतरी दिवस तो नुसता झोपत होता. मग लाकडाच्या वखारीत लागला. पुढच्या वर्षाबद्दल तो बोलला नाही, मी विचारलं नाही.

फेब्रुवारीत एका सकाळी विस्कॉन्सिनचा फोन आला. मॅनेजर होता. ओरिन बूट घालत होता, तिथूनच त्याने हाताने खूण केली, सांग त्याला, नाही म्हणून.

"तूच सांग," मी म्हणाले आणि फोन टेबलावर ठेवला.

एका पायात बूट घालून तो आला. "मी येत नाही यंदा," म्हणाला. मग ऐकत राहिला. मग ठेवला.

"काय म्हणाले?"

"बरं म्हणाले."

"एवढंच?"

"एवढंच. गुडघा कसा आहे विचारलं."

तो खुर्चीवर बसला. डोळे कोरडे होते, पण चेहरा म्हाताऱ्या माणसासारखा दिसला, आणि त्याच वेळी काहीतरी सैल झालेलंही होतं. मी त्याच्यापुढे अंडी ठेवली. त्याने ती सगळी खाल्ली, दुसरा बूट घातला आणि वखारीत गेला. उशीर झाला होता.